आज आमची गारगोटी उजळली

मंडळी, आत्ता कुठं जीव भांड्यात पडलाय, म्हणून लिहितोय.

आमचे पणजोबा निजामाच्या राज्यात रायचूरकडं सोन्याच्या खाणीत कामाला गेलते. येताना त्यांनी एक गारगोटी आणली. तिच्यात सोन्याची शीर हाय, असं घरात सगळे सांगायचे, पण पाहिली कुणीच न्हाई. कारण चोरांच्या भीतीनं पणजोबांनी तिला शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवली, अन् तवापासून दर सणाला आमी वर नवा शेंदूर चढवत आलो.

आज सकाळी घट बसायच्या आधी आईनं देव उजळायला काढले. पितळी देवांसंगं गारगोटीबी चिंचेच्या गरम पाण्यात! मी शेतातून आलो, तर घमेल्यात लालभडक पाणी.

"आई, सोनं विरघळलं की गं!"

"वरडतो कावून? देव हाय, देवासंगं न्हाणारच," म्हणत तिनं तारेची घासणी उचलली. ती मी हिसकावलीच. सोनं लई मऊ, ओरखडे पडले असते.

मग साध्या पाण्यात मऊ ब्रशनं गारगोटी हळूहळू धुतली. लाल निघालं ते शेंदराचं. दुधासारख्या गारगोटीत पिवळी शीर जशीच्या तशी! चिंचेनं सोन्याचं काईच बिघडलं न्हाई.

सुती फडक्यानं टिपून सावलीत ठेवली. इथून पुढं शेंदूर लावायचा तो गारगोटीला न्हाई, तिच्याखालच्या पाटाला.

आईनं गारगोटी उजेडात धरून बघितली. मग म्हणली, "चोर फसला का न्हाई देव जाणे, आपुन मातर फसलो की रं."

तुमच्या देव्हाऱ्यातल्या शेंदराखाली काय हाय, कधी बघितलंय का?