काणीचं पुस्तक

ज्याच्या घरात त्याच्या आधी कोणी पाटीसुद्धा धरली नाही, अशा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाने दुसऱ्या माणसाविषयी लिहायला बसावं, हे शोभत नाही. माझ्या वडिलांना सही येत नाही, आणि मी इथे सांगलीला खोलीत बसून एका वडीलधाऱ्या माणसाच्या लकबी सांगणार आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो, त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी न भिता सांगेन. पुस्तक मागणाऱ्याला 'नाही' म्हणणं ज्याच्या जिभेला जमतच नाही, असा दुसरा माणूस सातारा जिल्ह्यात जन्मलेला नाही.

मास्तर अंगाने काटकुळे. हाताला कायम खळीचा वास, कारण पुस्तकांची बाइंडिंगं तेच करत. 'शांतता राखा' ही वाचनालयातली पाटी त्यांनी स्वतःला इतकी लावून घेतली होती, की ते बाजारातसुद्धा कुजबुजत. मग वांगी विकणारी बाईही खाली वाकून, काही गुपित सांगावं तसा त्यांना भाव सांगे. पुस्तकाचं पान कोणी दुमडलं तर त्यांना ते स्वतःच्या अंगाला लागे. एकदा गावातल्या एका बड्या वकिलांना त्यांनी भर वाचनालयात, अर्थात कुजबुजत, विचारलं होतं, "रावसाहेब, आपला कान कोणी असा दुमडून ठेवला, तर आपण पुढच्या आठवड्यापर्यंत तसेच बसाल का?" वकीलसाहेबांचा हात नकळत कानाकडे गेलेला मी पाहिला आहे. वाचनालयाच्या कमिटीने एकदा ठराव केला, की काही कादंबऱ्या स्त्रियांच्या व विद्यार्थ्यांच्या हाती पडू नयेत, त्या कपाटात कुलूप लावून ठेवाव्यात. मास्तरांनी त्याच दिवशी कुलूप लावलं. महिन्याभराने चिटणीस तणतणत आले, "अहो मास्तर, किल्ली कुलपालाच लटकते आहे!" मास्तर म्हणाले, "ठरावात कुलूप लावा असं आहे. किल्लीविषयी ठरावात काही नाही. पुढच्या सभेत घ्या." पुढच्या सभेला कोरम झाला नाही, आणि ती किल्ली तिथेच राहिली.

सरकारची यादी मात्र कमिटीच्या ठरावासारखी नव्हती. बेचाळीसच्या चळवळीनंतर जप्त पुस्तकांची जी यादी आली, तिच्यातली चौदा पुस्तकं आमच्या वाचनालयात होती. मास्तरांनी ती फौजदाराला दिली नाहीत, जाळलीही नाहीत. ज्यांना दहा वर्षांत कोणी हात लावला नव्हता अशी चौदा पुस्तकं त्यांनी फडताळातून काढली, त्यांच्या पुठ्ठ्यांतली मूळ पानं उसवली आणि जप्त पुस्तकं त्या पुठ्ठ्यांत शिवून टाकली. विश्वासाच्या माणसाला नवं नाव कानात सांगितलं जाई. मग तो येऊन गंभीर चेहऱ्याने 'कोंबड्यांची निगा' मागे, आणि मास्तर तितक्याच गंभीरपणे देत. यादीतलं सगळ्यांत जहाल पुस्तक 'उसावरील काणी व तिचे निवारण' या उसाच्या रोगावरच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात होतं.

आमच्या गावचे एक हवालदार, पलटणीतून पेन्शन घेऊन ऊस करणारे, एके दिवशी वाचनालयात आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काणीचं पुस्तक द्या." मास्तरांचे डोळे भरून आले. छातीवर सरकारची पदकं लावलेला माणूसही जागा झाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी दिलं. आठ दिवसांनी मी सहज बोललो, "मास्तर, यंदा हवालदारांच्या उसात काणी लय पडलीय." मास्तरांच्या हातातली सुई तशीच राहिली. हवालदारांनी ते पुस्तक सरकारात नेऊन दिलं, तर वाचनालयाला टाळं आणि मास्तरांना तुरुंग. वाचनालयाच्या वेळेत कधी खुर्ची न सोडणारे मास्तर माझ्याबरोबर चार मैल चालत आमच्या गावी आले.

हवालदार बांधावर बसले होते. "या मास्तर, बरं झालं आलात. आवं, ह्यात काणी कुटं हाय?"

"हवालदारसाहेब, पुस्तक कोणाला दाखवलंत का?"

"दाकवलं की. मला बारीक अक्षर दिसंना, म्हून चावडीवर वाचून घेतलं. तलाठीच वाचत व्हता."

मास्तर बांधावर बसले. "तलाठी काय म्हणाला?"

"म्हनला, हितं समदी काणी सायबाला लागलीया, उसाची म्होरं आसंल. आमी म्होरं म्होरं वाचत गेलो. पुस्तक खोटं न्हाई मास्तर, मी पलटणीत व्हतो, मला कळतं. तलाठीबी कुनाला सांगायचा न्हाई, त्यानंच वाचलंय. पर मी उसाचं मागितलं व्हतं. आट दिस वाचण्यात गेलं, तवर खालचं वावर पार गेलं. तुमी ती पानं काडून टाकली न्हवं? कुनाला इचारून?"

 परतीच्या वाटेवर मास्तर म्हणाले, "अरे, सरकारनं चौदा पुस्तकं दडपली. चौदा मीही दडपली."

काढलेली पानं आणि जप्त पुस्तकांचे मूळ पुठ्ठे त्यांनी टाकले नव्हते, सुतळीने बांधून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी काणीची पानं घेऊन ते पुन्हा चार मैल चालले. त्यात रोगट ठोंब मुळासकट उपटून जाळा असं होतं. वरचं वावर वाचलं. मग मास्तरांनी ती चौदा पुस्तकं उसवली आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस ज्याच्या त्याच्या नावाच्या पुठ्ठ्यात शिवून उघड मांडून ठेवली. मी म्हणालो, "मास्तर, धरून नेतील." ते म्हणाले, "नेतील. पण वाचक मागेल ते आणि त्याच्या हाती पडेल ते एकच असलं पाहिजे. नाहीतर मी इथे कशाला बसलोय?" हे वाक्य ते कुजबुजले नाहीत. पेपर वाचणाऱ्यांनी माना वर करून पाहिलं.

जूनमध्ये मी सांगलीला आलो. नंतर फौजदार आला, त्याला चौदा पुस्तकं शोधायला काही वेळ लागला नाही, आणि मास्तरांना साताऱ्याला नेलं, इतकंच गावाकडून कळलं. पुढे वर्षभर काही नाही. गेल्या आठवड्यात हवालदारांचं पेन्सिलीने लिहिलेलं पत्र आलं.

"मास्तर सुटून आले. कमिटी म्हनली, आमी दावू तीच पुस्तकं देईन, आशी सही करा, मंग खुर्ची घ्या. मास्तरांनी कागद वाचून परत दिला. शिरवळला भैनीकडं गेलं म्हनत्यात. आपल्या गावात पंदरा मानसं वाचायला बसायला तयार हायती, मी माजी म्होरली खोली देतो. मास्तरांचा पत्ता तुला ठावा आसंल तर लगोलग कळीव."

पत्ता मला ठाऊक नाही. मी शिरवळला नुसत्या नावावर दोन पत्रं टाकली. पहिलं परत आलं आहे.