दिराचे शाफ्ट

तिला कारखान्यात चिकटवलं ते दिरानेच, आणि तेही खवचटपणे. घरात तिला सगळे मागून 'भिंग' म्हणत. घडी घातलेल्या टॉवेलचं टोक बोटभर वाकडं असलं, तरी तिला चैन पडत नसे.

"साहेब, आमच्या वहिनी फुकटात लोकांच्या चुका काढतात. तुम्ही पगार देऊन काढून घ्या," तिथेच मशीनवर असलेला दीर म्हणाला. साहेबाने तिला खरंच तपासणीच्या टेबलावर बसवलं.

कारखाना पाण्याच्या पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरणारे दांडे, बनवायचा. जाडी मोजायचा मायक्रोमीटर आवळायचा नाही, नुसता टेकवायचा, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली. ज्या खोडीबद्दल जन्मभर शिव्या खाल्ल्या, तिचीच इथे वाहवा होत होती. तिची मान ताठ झाली.

मग दिराच्या ग्राइंडिंग मशीनवरचे शाफ्ट एका टोकाला जाड येऊ लागले. फरक केसाहूनही बारीक. तिने सगळे नापास मालाच्या लाल ट्रेमध्ये टाकले.

तो तणतणत आला. "वहिनी, घरचं माणूस ओळखता ना?"

"माणूस ओळखते, भावजी. शाफ्टला आडनाव नसतं."

आसपासचे फिदीफिदी हसले. दिराच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून तो घरी चहाचा कप तिच्या नाकासमोर धरायचा, "बघा, मापात आहे का?" सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, "थोडं पुढंमागं चालतं गं."

"चालत असतं तर मला कशाला ठेवलं असतं?"

एकदा जेवणाच्या सुट्टीतून ती लवकर परतली, तर दीर लाल ट्रेमधले शाफ्ट उचलून चांगल्या मालात ठेवत होता.

"परत ठेवा."

"नाही ठेवत. काय करणार?"

ती सरळ साहेबाच्या केबिनमध्ये गेली. संध्याकाळच्या आत दिराची रवानगी पॅकिंगला झाली. खोक्यांना पट्ट्या मारताना तो दिसला, तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला बरंच वाटलं.

त्याच्या मशीनवर नवा माणूस आला. त्याचेही शाफ्ट त्याच टोकाला जाड! तेव्हा कुठे मशीन उघडलं. शाफ्ट धरून ठेवणारा मागचा आधारच झिजून सैल झाला होता. दिराचा हात चोख होता.

तिने हे घरी सांगितलं. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दीर ताटावरून उठला. "इतके दिवस एकाच टोकाला जाड. एवढं बारीक बघणाऱ्या बाईला 'असं का' म्हणून विचारावंसं नाही वाटलं?"

"माझं काम माप बघायचं. आणि ट्रेमधला माल तर तुम्हीच हलवलात."

"तुम्हाला ठाऊक होतं, वहिनी. तुम्हाला मी चुकायलाच हवा होतो."

तिने त्याचं अर्धं राहिलेलं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. नवरा मान खाली घालून जेवत राहिला.

ट्रेची लबाडी साहेब विसरला नाही, त्यामुळे दीर पॅकिंगलाच कुजला. महिन्याभरात तो सासूबाईंना घेऊन वेगळा राहायला गेला. तिला मात्र तपासणीची प्रमुख केलं. आता कारखान्याच्या फाटकात दोघं समोरासमोर आले, की तो थुंकायला बाजूला वळतो. ती थांबत नाही. एखाद्या मशीनचा माल सारखा चुकू लागला तर मात्र आता ती नापास करण्याआधी जाऊन 'असं का' विचारते, आणि कामात नाक खुपसते म्हणून त्याबद्दलही लोक तिला शिव्याच घालतात.