बारा क्रेडिट्सचा नियम

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या सबनिसांच्या घरी येणारी सगळी पत्रं दिगंबरराव फोडायचे, पाकिटावर नाव कुणाचं का असेना. बायकोच्या बँकेचं, मुलीच्या कॉलेजचं, चुकून आलेलं शेजाऱ्याचंसुद्धा. कांदा चिरायच्या सुरीने कड सरळ कापायची, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा, अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि मग ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. अमेरिकेत हा गुन्हा आहे, असं लतिकाने एकदा सांगून पाहिलं. घरातल्या घरात गुन्हा कसला, म्हणून ते मोकळे झाले. पंधरा वर्षं या सवयीचं कुणी काही मनावर घेतलं नाही. १९८९च्या सप्टेंबरात मात्र याच सवयीने लतिकाची झोप उडवली.

लतिका ही त्यांची एकुलती एक लेक. आठ वर्षांची असताना अमेरिकेत आली आणि एकोणिसाव्या वर्षी कुणाला न विचारता अमेरिकन सैन्यात भरती होऊन बसली. जर्मनीत तीन वर्षं तिने रणगाड्यांच्या सुट्या भागांचं कोठार सांभाळलं. दिगंबररावांना ते इतकं झोंबलं की तीन वर्षांत त्यांनी एक पत्र पाठवलं नाही. मराठी मंडळात कुणी विचारलं की 'जर्मनीत ट्रेनिंगला आहे' एवढंच सांगायचे. ऐकणाऱ्यांनी मनानेच एखादी बडी कंपनी जोडून घेतली, आणि यांनी ती घेऊ दिली. लेक परत आली, माजी सैनिकांच्या सवलतीवर कॉलेजात जाऊ लागली, तरी त्या तीन वर्षांचा विषय घरात निघत नसे. गणवेश कपाटात सगळ्यांत मागे, थंडीच्या कोटांआड लटकत होता. लतिकाला हे लागायचं, फार लागायचं. पण बोलणार कुणापाशी?

कॉलेजात माजी सैनिकांच्या कागदपत्रांचं एक टेबल होतं आणि त्यामागे लतिका बसायची. वर्क-स्टडी म्हणायचे त्याला. माजी सैनिकाने शिकता शिकता दुसऱ्या माजी सैनिकांची कामं करायची, आठवड्याला ठरावीक तास, पगार सरकारचा. अट एकच, शिक्षण फुल-टाइम हवं, म्हणजे टर्मला बारा क्रेडिट्स. कुणी मध्येच कोर्स सोडला तर तीस दिवसांच्या आत बदलाचा फॉर्म भरायचा, पांढरी प्रत सरकारकडे, गुलाबी फाइलला. आणि हे फॉर्म दर शुक्रवारच्या पाकिटात घालायचं काम कुणाचं, तर लतिकाचंच.

याच अटीवर तिने हार्लन नावाच्या माणसाला तीनदा परत पाठवलं होतं. हार्लन व्हिएतनामला जाऊन आलेला, चाळिशीचा, दिवसभर वेल्डिंग करणारा. कंबरेने दगा दिला होता, म्हणून त्याला बसून करायचं काम हवं होतं. संध्याकाळचे तीन कोर्स घ्यायचा, नऊ क्रेडिट्स. महिन्यातून एकदा टोपी हातात धरून टेबलापाशी उभा राहायचा आणि नियम बदलला का, विचारायचा. नऊवाल्यांनाही घ्यायचं असं वॉशिंग्टनात घाटतंय, पण अजून कशाचा पत्ता नाही, असं लतिका सांगायची. तो 'ओके, मॅम' म्हणून निघून जायचा. एकदा तरी चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आता घरची गोष्ट. तेलाचा धंदा बसला तेव्हा दिगंबररावांची इंजिनियरची नोकरी गेली, आणि पाठोपाठ मूत्रपिंडांनी राम म्हटला. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. त्यांच्या बायकोला, मीनाक्षीबाईंना, सकाळची शिफ्ट सोडता येईना, कारण घरच्यांचा आरोग्य विमा त्या नोकरीवर होता. पेशंटची ने-आण करणारी एक व्हॅन होती. तिच्यातून परतताना ऑगस्टच्या उन्हात दिगंबरराव आपल्याच ड्राइव्हवेवर चक्कर येऊन पडले. लतिका म्हणाली, यापुढे मी नेईन. तर यांचं बोट वर.

"माझ्यापायी तुझा एक क्लास बुडला, तर मी त्या डायलिसिसच्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही."

ही नुसती धमकी नव्हती. जूनमध्ये असल्याच कसल्याशा हट्टापायी त्यांनी दोन खेपा चुकवल्या होत्या आणि फुप्फुसांत पाणी भरून तीन दिवस इस्पितळात काढले होते. डॉक्टरांनी मायलेकींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही नाही.

तेव्हा लतिका खोटं बोलली. स्टॅटिस्टिक्सचा सकाळचा क्लास संध्याकाळवर गेला, सकाळ रिकामीच आहे, असं तिने बेधडक सांगितलं. प्रत्यक्षात तिने तो कोर्स ड्रॉप केला होता. बारातले तीन गेले, नऊ राहिले.

बदलाचा फॉर्म तिने त्याच दिवशी भरला, सहीसुद्धा केली. पण पाकिटात घालताना हात थबकला. हा कागद गेला की टेबल जाणार, ते एक. त्याहून वाईट म्हणजे सरकारचं खाकी पाकीट घरी येणार, कांद्याची सुरी फिरणार, आणि मंगळवारी बाबा गाडीत बसणार नाहीत. तिने फॉर्म ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या डब्याखाली सरकवला. तीस दिवस आहेत, तोवर नियम बदललाच तर सगळं निभावेल, अशी स्वतःची समजूत घातली. सरकार तीस दिवसांत काय बदलणार? तिला माहीत होतं. पण अडलेला जीव काय वाटेल ते धरून बसतो.

ते दिवस कसे गेले ते तिलाच ठाऊक. सुपरवायझर मिसेस डॉइल स्टेपलर मागायला आल्या तरी हिचं धाबं दणाणायचं. इतरांचे बदलाचे फॉर्म नीट तपासून पाकिटात घालायची, आणि स्वतःचा खाली पडलेला. आपण चोर आहोत असं तिला वाटायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. डायलिसिसच्या वाटेवर बाबा स्टॅटिस्टिक्स कुठवर आलं म्हणून विचारायचे. ती जुन्या पुस्तकातले धडे आठवून काहीबाही सांगायची आणि आरशात मागच्या गाड्या बघत राहायची.

सव्विसाव्या दिवशी हार्लन आला. टोपी हातात, प्रश्न तोच. अजून नाही, असं लतिकाने त्याच्याकडे न बघता सांगितलं. त्याने मान हलवली. निघता निघता म्हणाला, हरकत नाही, सगळ्यांना एकच नियम असला की झालं, माझी तक्रार नाही. बोलला आणि कंबर सांभाळत जिना उतरून गेला.

लतिकाची कानशिलं तापली. जो नियम दाखवून या माणसाला तीनदा, आता चौथ्यांदा बाहेर काढलं, त्याच नियमावर आपण बूड टेकून बसलोय. तो शुक्रवार होता. तिने स्टेपलरचा डबा उचलला, फॉर्म पाकिटात घातला आणि मिसेस डॉइलना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम माझ्या हातात नाही गं पोरी. टेबलावरचा कप आणि स्वेटर घेऊन लतिका घरी आली.

पुढे दोन आठवडे ती पोस्टमनच्या मागावर होती. पण दिगंबरराव सोमवार, बुधवार, शुक्रवार दिवसभर घरी, आणि पोस्टमन अकराला येणार. तिचा काय पाड लागणार? एका सोमवारी ती घरी आली तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोडलेली पत्रं होती, तिच्या नावाचं एकही नव्हतं. सुरी मात्र कांद्याच्या टोपलीत नव्हती, बाबांच्या खोलीत होती. लतिका समजली.

मंगळवारी सकाळी तिने गाडी सुरू करून ड्राइव्हवेवर आणली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दार उघडेना. आत जाऊन पाया पडावं की ओढून आणावं, तिला सुचेना. पंधराव्या मिनिटाला दिगंबरराव बाहेर आले, इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत लिहायचं पॅड घेऊन. गाडीत बसले, पट्टा लावला.

खुर्चीत टेकल्यावर नर्सने डाव्या हातात दोन्ही सुया घातल्या, मशीन सुरू झालं. तेव्हा त्यांनी उजव्या हाताने खिशातून खाकी पाकीट काढलं.

"पुन्हा बसणार नाही म्हणाला होतात," लतिका कसंबसं बोलली.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "पण मी उठून गेलो तर तुझा सोडलेला कोर्सही फुकट जाईल. आता मला सांग, हा नियम बदलणार आहे म्हणतात, तो कुणाच्या हातात आहे?"

तिने वॉशिंग्टनातल्या विधेयकाचं सांगितलं, हार्लनचंही सांगितलं. दिगंबररावांनी पॅड मांडीवर घेतलं. अर्ज लिहिण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता. गल्लीतल्या एका दिव्यासाठी त्यांनी सिटीला अकरा पत्रं लिहिली होती, दिवा लागेपर्यंत. आज काँग्रेसमनची पाळी होती. पुढे तो नियम बदलला, नऊवाल्यांना दार उघडलं, आणि दुसऱ्या वर्षी त्या टेबलामागे हार्लन बसू लागला, हे खरं आहे. त्याचं श्रेय सबनिसांच्या पत्राला द्यायला आपण काही खुळे नाही.

पण त्या सकाळी त्यांनी आपलं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मी एक बाप आहे असं लिहिलं आणि पेन थांबलं. मशीन घरघरत होतं.

"तुझा हुद्दा काय होता?" त्यांनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

चार वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. लतिकाची पाठ आपोआप ताठ झाली.

"स्पेशलिस्ट."

"आणि तुकडी? पूर्ण सांग, सावकाश. चुकायला नको."

तिने सांगितली, आणि ती सांगता सांगताच रडू लागली. दिगंबररावांनी ते सगळं ठळक अक्षरांत लिहून घेतलं.