मुकादमामार्फत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — घरी नाही, संघटनेत तर नाहीच. पत्रकं वाचत मोठा झालोय मी. ‘मधला माणूस हटवा!’ ही ओळ माझ्याच पत्रकातली. आणि मधला माणूस बसवला कुणी? मीच.

केळी कापणाऱ्या मजुरांच्या आमच्या संघटनेची वेबसाइट मी बांधली. मालकांनी एक नियम मान्य केला होता — कामावर इजा झाली तर उपचार ज्याच्या शेतात झाली त्याने करायचे. म्हणून कोण कधी कोणत्या शेतात होतं, हे साइटवर दिसायला हवं. मजूर थेट शेताशी जोडायचा, एवढंच! मी मजूर टोळीला जोडला आणि टोळी शेताला. मधला दुवा फ्रेमवर्क — साइटचा तयार सांगाडा — आपोआप ओलांडतं, कोड देखणा दिसतो. पण टोळीत कोण ठेवायचं हे मुकादम ठरवतो — हे मला सुचलं नाही? की विचार करायचाच कंटाळा केला?

साक्रीकडच्या सुमनअक्का डोक्यावर घड घेऊन सरीत घसरल्या. खांदा मोडला. मुकादमाने साइटवर त्यांचं नाव टोळीतून काढलं, दुसरी बाई घेतली. झालं — अक्कांची मागची सगळी कामंही पडद्यावरून गेली. उपचाराच्या खर्चासाठी बसलेल्या बैठकीत शेताचा मालक म्हणाला, “ही बाई माझ्या शेतात होती, दाखवा ना!” मी लॅपटॉप उघडला. काहीच नाही.

“मी खोटी शे का रे भाऊ? बठ्ठा तठेच व्हतात ना!”

सगळे तिथेच होते, याची साक्ष मागत अक्का टोळीकडे बघत होत्या, टोळी जमिनीकडे. मुकादम म्हणाला, “मशीन काय तुझी सवत आहे का अक्का, तुझ्यावर डूख धरायला?” लोक हसले.

घोळ कुठे झालाय, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. चूक माझी आहे — एवढं म्हणायला काय लागतं? मी म्हणालो, “कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, अक्का.”

दुसऱ्या दिवशी जळगावला ऑफिसात मी साइटची जुनी प्रत उघडली. अक्का टोळीत होत्या. टोळी त्या दिवशी त्याच शेतात होती. मी मजूर थेट शेताशी जोडले आणि संघटनेच्या ग्रुपवर लिहिलं — ‘किरकोळ दुरुस्ती केली आहे.’ किरकोळ!

अक्का उपचाराविनाच गावी परतल्या. खांदा वाकडाच जुळला. हात वर जात नाही, वेणी लेक घालून देते म्हणे.

त्या खरं बोलत होत्या. मला ते माहीत होतं.