व्हिसासाठी काढलेला एक्स-रे

पुण्याहून फोन आला तेव्हा मी भरलेली सुटकेस हातात घेऊन वजनकाट्यावर उभा होतो. माझी बायको वर्षा वाकून काट्यावरचा आकडा वाचत होती. आमची आठ वर्षांची गार्गी शेंगाचटणीची पाकिटं पोटाशी धरून उभी होती. बॅगेत जागा उरतेय की नाही, एवढीच तिला काळजी.

फोन वर्षानेच घेतला. "हो, मी त्यांची मिसेस बोलते," म्हणाली, आणि मग नुसती ऐकत राहिली. वर्षा नर्स आहे. वाईट बातमी ऐकताना तिचा चेहरा बदलत नाही, पण हात थांबतात. तिचा हात सुटकेसच्या चेनवर थांबला होता.

"थुंकीचा रिपोर्ट आलाय," फोन ठेवून ती म्हणाली. "पॉझिटिव्ह आहे. तुम्हाला टीबी आहे."

मी सुटकेस खाली ठेवली. "अगं, पण मला खोकलासुद्धा नाही."

खरोखरच नव्हता. संध्याकाळी थकवा यायचा, पँट्स सैल झाल्या होत्या. पण त्या वर्षभरात आमची धावपळच एवढी होती, की बारीक झालो नसतो तरच नवल. सोलापुरातल्या एका दवाखान्यात बारा वर्षं नोकरी करून, ड्यूटीनंतर अभ्यास करून वर्षाने इंग्रजीची परीक्षा दिली. दोनदा थोडक्यात हुकली, तिसऱ्यांदा पास झाली. उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिला निवडलं. वर्क व्हिसा तिचा, आणि तिच्यावर अवलंबून असलेले म्हणून मी आणि गार्गी. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. मुलांनी टाळ्या वाजवून निरोप दिला, मी राजीनामा देऊन घरी आलो.

या व्हिसासाठी टीबीची तपासणी लागते. पुण्यात माझा एक्स-रे काढला, मग थोड्या वेळाने पुन्हा काढला. तिथल्या डॉक्टरांनी 'ओपॅसिटी' असा शब्द वापरला. म्हणजे फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पांढुरका ढग दिसत होता. नंतर थुंकीची 'कल्चर टेस्ट' केली. त्या थुंकीत जंतू वाढतात का, हे आठवडेच्या आठवडे थांबून बघतात. आम्ही ते आठवडे बॅगा भरण्यात घालवले. जुना काहीतरी डाग असेल, असं सगळेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सात रस्त्याजवळच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई शांत बोलणाऱ्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि पेनाने तो ढग दाखवला.

"सुरुवातीलाच सापडलाय. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायची नाही. बरे होणार तुम्ही."

"आणि व्हिसा, मॅडम?"

"उपचार पूर्ण झाल्याशिवाय नाही मिळणार. तोवर थांबावं लागेल."

वर्षा आणि गार्गीच्याही तपासण्या झाल्या. दोघी ठीक होत्या. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

पण घरी आल्यावर वर्षाने बॅगा उघडल्या आणि एकेक कपडा परत कपाटात लावायला लागली.  खरं सांगायचं तर तिने राहावं असंच मला वाटत होतं, आणि माझ्यामुळे तिचं सगळं अडलं, हेही सहन होत नव्हतं. तिची रुजू होण्याची तारीख ठरलेली होती. एकदा पुढे ढकलून मिळाली असती, सहा महिने कोण थांबणार?

माझी आई सांगोल्याजवळच्या आमच्या गावाहून आली होती. डाळिंबाची बाग धाकट्या भावावर सोपवून, हातात एक पिशवी घेऊन. ती कपाटाशी जाऊन उभी राहिली.

"काय करतीस गं ह्ये?"

"नाही जात मी, आई. ह्यांना असं टाकून कशी जाऊ?"

"टाकून? मी मेले का काय?" आईने तिच्या हातातली घडी काढून घेतली. "तू हितं बसलीस म्हनून ह्याच्या गोळ्या लवकर संपनार हायत का? तू जा. ह्यो माझा पोरगा हाय, आन् ही माझी नात हाय. तुमी माझ्यावर सोडा की."

वर्षा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी दारात उभा होतो, तोंडाला मास्क लावून.

वर्षा इंग्लंडला गेली. गार्गी आमच्यापाशी राहिली. परक्या देशात, एकटीच्या शिफ्ट ड्यूटीत, तिला कोण सांभाळणार होतं?

पहिले दोन आठवडे मी वेगळ्या खोलीत राहिलो. औषध लागू पडलं की साधारण तेवढ्यात संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. तोपर्यंत गार्गी उंबऱ्याच्या पलीकडे पाट टाकून बसायची आणि मोठ्याने धडा वाचायची. मी आतून चुका सांगायचो. एकदा तिने विचारलं, "बाबा, तुमचे जंतू इथपर्यंत उडी मारतात का?" मी म्हटलं, "गोळी खाल्ली की त्यांचे पाय मोडतात." मग रोज सकाळी मी गोळ्या घेतल्या की ती टाळ्या वाजवायची.

गोळ्यांमधलं एक औषध रिफॅम्पिसिन. त्याने लघवी केशरी होते. हे आधी कोणी सांगितलं नाही तर माणूस घाबरून जातो, म्हणून मी इथे सांगतो. घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे.

शेजाऱ्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. आई म्हणाली, न्युमोनिया सांग. पण गार्गीने वर्गात आधीच सगळं सांगून टाकलं होतं. एकदोघांनी तिला घरी बोलवायचं बंद केलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र डबा घेऊन सरळ घरात आल्या, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि चहा मागितला. त्या चहाचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

मे महिन्यात जेवण जाईना. सोलापूरच्या उन्हात तशीही भूक कुणाला असते? मळमळ व्हायची, आई कोकमाचं सरबत द्यायची. "ऊन बाधलंय," ती म्हणायची आणि मलाही ते पटायचं.

एके सकाळी वर्षाचा व्हिडिओ कॉल आला. ती ड्यूटीला निघाली होती. गार्गीशी बोलता बोलता मध्येच थांबली.

"गार्गी, फोन बाबांना दे. अहो, जरा खिडकीपाशी या. उजेडात."

मी गेलो.

"डोळ्याची खालची पापणी ओढा. आणखी. वर बघा."

मी वर बघत राहिलो. 

"आजच्या गोळ्या घेतल्या?"

"आता घेणारच होतो."

"घेऊ नका. डोळे पिवळे झालेत तुमचे. आईंना घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. आत्ताच."

तिचा आवाज नर्सचा होता. फक्त शेवटच्या शब्दावर तो तुटला.

डॉक्टरांनी 'लिव्हर फंक्शन टेस्ट' केली. यकृत नीट काम करतंय का, हे बघणारी रक्ताची तपासणी. माझे आकडे कितीतरी पटींनी वाढले होते. टीबीच्या काही औषधांनी काही जणांच्या यकृताला सूज येते, तशी मला आली होती. त्याच दिवशी ॲडमिट केलं. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी आठवडाभर गोळ्या चालू राहिल्या असत्या तर अवघड होतं."

टीबीच्या सगळ्या गोळ्या बंद झाल्या. आता सूज उतरायची वाट बघायची, आणि मग एकेक औषध पुन्हा सुरू करून कोणतं सोसतं ते पाहायचं. म्हणजे सहा महिन्यांचं गणित मोडलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

वर्षा फोनवर म्हणाली, "मी राजीनामा देते. तिकीट बघितलंय."

मी हो म्हणालो असतो. त्या दिवशी माझ्यात नाही म्हणायचं बळ नव्हतं. पण डॉक्टर राउंडला आल्या, त्यांनी फोन मागून घेतला आणि वर्षाशी बोलल्या. "सिस्टर, तुम्ही तिथून बघितलंत म्हणून हे आज इथे आहेत. पुढचं माझ्याकडे द्या. गरज पडली तर मी स्वतः तुम्हाला या म्हणून सांगेन."

वर्षा तिथेच राहिली. पण सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच फोन लावायची आणि आई तो माझ्या कॉटशेजारी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. मी झोपायचो, जागा व्हायचो, तर पडद्यावर ती तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत असायची. "झोपा," म्हणायची, "मी आहे." शेजारच्या कॉटवरचे चाचा हे दोन दिवस बघत होते. तिसऱ्यांदा तिचा फोन लागल्यावर त्यांनी आपली फाईल पुढे केली. "दीदी, मेरा भी रिपोर्ट देखो ना जरा." वर्षाने हसत हसत त्यांचा रिपोर्ट पाहिला, त्यांच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगितलं. त्यानंतर तिचा कॉल आला की अर्धा वॉर्ड मान वळवून बघायचा.

हळूहळू आकडे उतरले. एक औषध कायमचं वगळलं, बाकीची एकेक करून सोसली. त्यामुळे उपचार लांबला. श्रावण गेला, दिवाळी गेली. वर्षाने तिथे एक पणती लावली आणि गार्गीने इथून फोनवर फुलबाजी दाखवली. वर्षभर होत आलं तेव्हा डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी धरले. ढगाच्या जागी एक बारीक रेघ राहिली होती.

"ही राहणार," त्या म्हणाल्या. "हा व्रण आहे, आजार नाही."

 आईने वाकून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "लई केलंत बाई आमच्यासाठी," म्हणाली.

पुण्याहून टीबी नसल्याचं प्रमाणपत्र मिळालं, व्हिसा आला. आई आमच्याबरोबर येणार नव्हती. तिची बाग तिची वाट बघत होती. स्टँडवर सांगोल्याच्या गाडीत बसताना तिने खिडकीतून गार्गीला एवढंच सांगितलं, "आईजवळ गेल्यावर लगीच बिलगावं वाटलं न्हाई, तर वाईट वाटून घिऊ नगं. वळख पटाया येळ लागतो."

ते मला तेव्हा कळलं नाही. इंग्लंडच्या विमानतळावर वर्षा धावत आली, तेव्हा गार्गी माझ्यामागे गेली. वर्षा तिथेच गुडघ्यावर बसली. तिने हात पुढे केले नाहीत, हाकही मारली नाही. माणसं बॅगा ढकलत बाजूने जात होती. बऱ्याच वेळाने गार्गी म्हणाली, "तू फोनमध्ये उंच दिसायचीस." वर्षा हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. ओळख पटायला पुढे पंधरा दिवस गेले.

मी आता इथे इंग्लंडमधल्या एका शाळेत वर्गसाहाय्यक म्हणून जातो. दर काही महिन्यांनी यकृताची तपासणी करतो. गर्दीत कुणी खोकलं की पूर्वी मी तोंड फिरवायचो. आता त्या माणसाच्या घरी कोण असेल, असा विचार मनात येतो.

वर्षाच्या ओळखीतून कधीकधी मला फोन येतात. परवा लातूरहून एका बाईंचा आला. नवऱ्याला इकडे नोकरी लागलेली, आणि एक्स-रे यांचा बिघडलेला. "माझ्यामुळे सगळ्यांचं अडलं हो," म्हणून त्या रडत होत्या. गोळ्यांची पाकिटं घरात होती, अजून उघडली नव्हती. मी त्यांना केशरी लघवीचं सांगितलं. भूक गेली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, हे सांगितलं. घरी सोबतीला कोण आहे, ते विचारलं. सासू आहे म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही आता तिकडूनच बोलताय ना?"

"हो," मी म्हणालो. "इथूनच."



"बरं," त्या म्हणाल्या. "मग उद्या सकाळपासून सुरू करते."