विणून झालेली चूक

दुपारी वरणभात गिळून मी आडवा होतो. झोप कुठली लागतेय, नुसते डोळे मिटतात. कुमुद जाऊन चाळीस दिवस झाले. लोक म्हणतात, रडून घ्या, मोकळे व्हाल. अरे बाबांनो, यायला तर हवं ना रडू! दात काढताना हिरडी बधीर करतात, तसं माझं सगळंच झालंय.

पंख्याची घरघर वाढते आणि मी कारखान्याच्या हॉलमध्ये उभा असतो. अमेरिकेतला, सदुसष्ट सालचा. चंद्राकडे निघालेल्या यानाच्या संगणकाची स्मृती इथे बायका हातानं विणायच्या. तार चुंबकी कड्याच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. लग्नानंतर वर्षभरात कुमुद इथे कामाला लागली होती, आणि मी वरच्या मजल्यावर प्रोग्रॅम तपासायला.

ती विणायच्या चौकटीपाशी बसलीय. निळा कोट, कपाळाला कुंकू. वय मात्र गेली तेव्हाचं.

"या, बसा समोर," ती म्हणते. "सुई परत द्यायला पलीकडे कुणी नाहीये."

मी बसतो. ती सुई माझ्याकडे ढकलते, मी परत ढकलतो.

"कुमुद, तुला एक सांगायचंय."

"आधी तार ओढून धरा. सैल सोडताय."

मी तार बोटाला गुंडाळतो. चौकट आता दवाखान्यातल्या पलंगाची आहे. वर सलाइन लटकतंय, आणि आमचं विणणं चालूच आहे. मी एका दमात सांगून टाकतो.

"तुला आतड्याची सूज नव्हती. कॅन्सर होता. डॉक्टरांनी चार महिने म्हटलं होतं, मी तुला बोललो नाही. तू धारवाडला बहिणीकडे जायचं म्हणत होतीस, मी म्हटलं बरी झालीस की जाऊ. नलूची आणि तुझी भेट राहिली ती माझ्यामुळे."

ती मान वर करत नाही. "विणून झाल्यावर चूक सापडली की काय करायचात हो तुम्ही लोक?"

"उसवायला वेळ नसायचा. यानातल्या माणसांना लिहून द्यायचो, अमुक बटण अमुक वेळी दाबू नका."

"मग! मीही नाही दाबलं."

"म्हणजे तुला..."

"अहो, फाइल माझ्या उशाशी ठेवून चहाला जायचात. वाचता येतं मला." ती हसते. "नलूशी रोज बोलले फोनवर. तुम्ही आंघोळीला गेलात की. दोघी रडून घ्यायचो. नळ बंद झाला की फोन बंद."

मी न्हाणीघरात उभा आहे. नळ वाहतोय, तार दाराच्या फटीतून आत आलीय. बाहेर ती हुंदके देतेय, अगदी दाबून, मला कळू नये म्हणून.

"कुमुद, दार उघड. माझ्यासमोर रड."

"तुम्हाला झेपलं नसतं."

"झेपलं असतं!" मी ओरडतो. दार हलत नाही. "राग नाही आला माझा?"

"आला की. खूप आला. भीतीही वाटायची हो एकटीला. तुम्ही आपले शेजारी घोरत असायचात."

तार ताणली जाते.

"सोडा आता," ती म्हणते.

"नाही सोडत."

पंखा फिरतोय. खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत आलंय. माझ्या उजव्या तर्जनीभोवती वळ उठलाय, बारीक आणि खोल, जांभळट. अंथरूण झटकून बघतो. दोरा नाही, काही नाही. वळ चोळतो, जात नाही. दाबून बघतो आणि आई गं म्हणत हात मागे घेतो.

"दुखतंय," मी म्हणतो. घरात कोणी नाही, म्हणून मग मोठ्यानं म्हणतो. "कुमुद, दुखतंय गं."