आत ये, जागा आहे

आधीच सांगते, माझं डोकं असल्या गोष्टींसाठी बनलेलंच न्हाई. बियाण्यांच्या कंपनीत लॅबला आहे मी. बी ओलं करायचं, उगवलं तर उगवलं म्हणायचं, न्हाई तर न्हाई. ऑफिसात कुणी "आमच्या बांधावर काहीतरी दिसतं" म्हणालं की मी पहिलं विचारते, फोटो काढलास का? म्हणून हे लिहायची मी खूप दिवस टाळाटाळ केली. शेवटी आमचे रज्जाकभाई म्हणाले, "लिहून टाक सुवर्णा, तुला पचून न्हाई राह्यलं ते." म्हणून लिहितेय.

जुन्या जालन्यात एका बोळात शरदकाकांचं दुकान आहे. खाली कॅसेटा, रेकॉर्डी, वर सामानाची खोली, मागच्या अंगाला त्यांचं घर. मोबाईलवर गाणी फुकट मिळायला लागली तसं गिऱ्हाईक आटलं, पण माणसं काही हटेनात. पायरीवर बसून राहायची... "काका, ती लावा ना, मागच्या वेळची." एक दिवस काका वैतागून म्हणाले, "पायरीवर काय बसता, वर चला." खोली रिकामी केली. कुणी सतरंजी आणली, कुणी माइक. रज्जाकभाई तबला वाजवतात आणि पोटापाण्याला टेलरिंग करतात, त्यांनी जुन्या गोधड्या जोडून भिंतींना लावल्या, आवाज घुमू नये म्हणून. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तिथं बैठक भरते. तिकीट न्हाई, कमिटी न्हाई, अध्यक्ष तर बिलकुल न्हाई. दुकानावरही आम्हीच आळीपाळीनं बसतो. त्या जागेला नावसुद्धा न्हाई. आम्ही नुसतं "वर" म्हणतो.

वर कोण यायचं? राजूरचं भजनी मंडळ, धावड्याचे एक पावा वाजवणारे आजोबा, कॉलेजची गिटारवाली पोरं, आयांच्या मांडीवरची लेकरं. वय विचारायचं न्हाई, हा काकांचा एकच कायदा. गावाकडच्यांना संध्याकाळची एसटी मिळाली पाहिजे म्हणून वेळेत आटपायचं, बस.

आणि एक रीत होती. अजूनही आहे. रेकॉर्डिंग करायचं ते कॅसेटवरच. टेप सुरू झाली की माइक खोलीभर फिरतो आणि प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं. आडनाव न्हाई, गाव न्हाई, नुसतं नाव. मग टेप मागं घेऊन तेवढं सगळ्यांना ऐकवायचं. लेकरं स्वतःचा आवाज ऐकून लोळतात. त्यानंतर गाणं. काका मशीनपाशी बसायचे, त्यांनी मात्र स्वतःचं नाव कधीच सांगितलं न्हाई. माइक लांब धरून हात हलवायचे, म्हणजे, मी तर आहेच की.

मागच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. तेव्हा आमच्या लक्षात आलं की कपाट भरून कॅसेटा आहेत, सगळ्या जालन्याची नावं आहेत त्यात, आणि काकांचा आवाज एकीवरही न्हाई.

आता उषाकाकूंबद्दल. काकांच्या बायको. इतक्या वर्षांत त्या वर कधी आल्या न्हाईत. खोलीला त्या "ह्यांची वरची बायको" म्हणायच्या. हसूनच म्हणायच्या, पण ते हसू काही सगळं खरं नसायचं. चहाची किटली जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून हाक मारायच्या आणि निघून जायच्या. काका गेल्यावर चहाही बंद झाला. मुलगा पुण्याला. त्यानं धोशा लावला की आई तू इकडं ये, जागा मोबाईल शोरूमवाल्यांना देऊन टाकू. रज्जाकभाई एकदा विचारायला गेले तर काकू एवढंच म्हणाल्या, "बघते." त्या "बघते"चा अर्थ आम्हाला बराबर कळला.

मला काय वाटत होतं ते सरळ सांगते... मी घाबरले होते. माझं लग्न मोडलं तेव्हा घरी सगळे एकतर समजूत घालत होते, न्हाईतर बोलतच नव्हते. रविवारी वर जाऊन बसले. कुणी काही विचारलं न्हाई. माइक आला, मी "सुवर्णा" म्हणाले आणि माइक पुढं गेला. एवढंच. पण त्यानंतर मला पहिल्यांदा बराबर जेवण गेलं. ती खोली बंद झाली तर मी जायचं कुठं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

तर तो रविवार. राजूरचं मंडळ आणि गिटारवाली पोरं मिळून एक गवळण बसवणार होती, त्यामुळे गर्दी. काकांच्या जागेवर, मशीनपाशी, आता मी बसते. कोरी कॅसेट काकांनी साठवून ठेवलेल्या खोक्यातली, सीलबंद. वरचं प्लॅस्टिक मी स्वतः दातानं फाडलं, हे लक्षात ठेवा. खाली बोळात कुणाचा तरी टेम्पो अडकला होता आणि हॉर्न चालू होता, म्हणून मी उठून दार लावून घेतलं. काका असते तर ओरडले असते. दार लावलेलं त्यांना कधी चालायचं न्हाई. "हवा येऊ दे," म्हणायचे, मग भर मेमध्ये बाहेरून झळा का येईनात.

माइक फिरला. नावं झाली. सगळ्यात शेवटी चिऊ, रज्जाकभाईंच्या शेजाऱ्यांची पोरगी, पहिलीत असेल. तिनं नेहमीसारखं माइकला तोंड लावून किंचाळत नाव सांगितलं. मी टेप मागं घेतली आणि लावली.

नावं आली. हसणं झालं. चिऊ आली. आणि मग, जिथं नुसती खरखर असायला हवी होती तिथं, काकांचा आवाज आला. घाईचा न्हाई, मोठा न्हाई. दुकानात बोलायचे तसाच.

"कुसुम... जिन्यात नको उभी राहू. ये आत, जागा आहे."

रज्जाकभाईंचा हात तबल्यावर होता, तो तसाच राहिला. भजनी मंडळातल्या एकांनी टोपी काढून हातात घेतली. आवाज कुणाचा हे सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला भीती न्हाई वाटली हो. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा सगळे जसे गप होतात, तसं झालं.

चिऊच तेवढी बोलली. "कुसुम कोण?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुसुम नावाचं आमच्यात कुणी नव्हतं, कधीच नव्हतं.

आणि बंद दाराच्या पलीकडून आवाज आला, "मी."

मी दार उघडलं. जिन्यात उषाकाकू उभ्या होत्या, खांद्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्यांनी मला विचारलं, "जुनी टेप लावून राह्यलीस का गं?"

"न्हाई काकू," मी म्हणाले. "आत्ताचीच आहे."

त्या मग तिथंच चौकटीला धरून खाली बसल्या. चिऊच्या आईनं पाणी आणून दिलं. दोन घोट घेऊन त्या बोलल्या, तेही चिऊकडं बघून, कारण विचारलं तिनं होतं ना. "कुसुम माझं माहेरचं नाव बाळा. लग्नात बदलून उषा केलं. माहेरी आता ते नाव घेणारं कुणी उरलं न्हाई. हेच घ्यायचे, आम्ही दोघंच असलो की. चारचौघांत नुसतं अगं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी किटली ठेवून जाते असं दाखवायची अन् हळूच वर येऊन इथंच बसायची, ह्या पायरीवर. सगळं ऐकलंय मी तुमचं. ह्यांना ठाऊक होतं. म्हणून तर दार लावू देत नव्हते."

हवा येऊ दे म्हणायचे आणि आम्ही सगळे शहाणे ते खरं मानून घाम पुसत बसायचो.

रज्जाकभाई तबल्यासकट सरकले. "या भाभी," म्हणाले. काकू आत आल्या, सतरंजीवर बसल्या. कुणाला काय करावं सुचेना, म्हणून मी रीत होती तीच केली, टेप चालू करून माइक त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"कुसुम."

गवळण झाली. पोरांचा ताल दोनदा सुटला, पण इतकं चांगलं मी तरी कधी ऐकलं न्हाई. जाताना काकूंनी पिशवीतून एक नवंकोरं कुलूप काढलं. "हे लावायला आल्ते आज," म्हणाल्या. "सांगणार होते, पुढच्या रविवारपासून बंद. जिन्यात आले अन् पाय उचलेना, मंग ऐकत थांबले." कुलूप माझ्या हातात दिलं. "कॅसेटाच्या कपाटाला लाव. पोरं लई उचकतात." मुलाला त्यांनी फोनवर काय सांगितलं ते मी विचारलं न्हाई. त्या जालन्यातच आहेत.

आता माझा लॅबवाला स्वभाव. कुणी नक्कल केली म्हणावं तर खोलीतलं प्रत्येक तोंड माझ्यासमोर होतं, आणि नाव तर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जुनं रेकॉर्डिंग खाली राहिलं म्हणावं तर सील मी फाडलेलं. ती टेप मी नंतर हेडफोन लावून किती वेळा ऐकली. आवाज अजून आहे. आणि एक गोष्ट तेव्हा गडबडीत ऐकू आली नव्हती... त्या एका वाक्याच्या मागं पंखा करकरतोय. आमचा जुना पंखा, ज्यानं आमची सगळी रेकॉर्डिंगं खराब केली. तो आम्ही काका गेल्यावर काढून टाकला. नवीन पंख्याला आवाज न्हाई. चिऊच्या नावामागं करकर न्हाई, आणि वाक्य संपलं की परत न्हाई.

उत्तर मला मिळालेलं न्हाई, आणि खरं सांगू, शोधायचा जोरही आता कमी झालाय. काकूंना मी विचारलं होतं, टेपची कॉपी करून देऊ का? त्या म्हणाल्या, "कशाला. बोलावलं, आले. झालं की."

दार आता उघडंच असतं. हॉर्न येतात टेपवर, येऊ देत. माइक पहिला काकूंकडं जातो. त्या "कुसुम" म्हणतात आणि लगेच पुढं देत न्हाईत, क्षणभर तसाच धरून ठेवतात. मी टेप थांबवत न्हाई.